अर्धवेळ म्हणजे अर्धा पगार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

किमान वेतनाचे दर वाढले की पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या वेतन देयकात वाढ लगेच दिसते. अर्धवेळ कर्मचाऱ्यांच्या देयकात ती उशिरा पोचते, कमी पोचते, कधी पोचतच नाही. वाचनालये, बालवाड्या, उद्याने, तरणतलाव आणि दवाखाने अशा ठिकाणी महापालिका, नगरपालिकांसाठी रोज काही तास काम करणाऱ्यांकडून आणि त्यांची देयके तयार करणाऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. उत्तरांतले वेतनाचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या वर्गाचा (कुशल, अर्धकुशल की अकुशल) आणि परिमंडळाचा (दरांसाठी ठरवलेल्या भौगोलिक विभागाचा) दर किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेत पाहून त्यांच्या जागी घालावा.

प्रश्न : मी नगरपालिकेच्या वाचनालयात रोज चार तास काम करते. नेमणूकपत्रावर ‘अर्धवेळ ग्रंथालय मदतनीस’ असे लिहिले आहे. लेखा विभागाने पूर्णवेळ दराच्या बरोबर निम्मी रक्कम लावली. चार तास म्हणजे आठाचे निम्मे, मग हा हिशेब बरोबरच ना?

उत्तर : बहुधा नाही, आणि तुमचे नुकसान होते आहे. महाराष्ट्रातल्या अनेक किमान वेतन अधिसूचनांमध्ये दरांच्या तक्त्याखाली एक स्पष्टीकरण छापलेले असते. तक्ता सगळे वाचतात, त्याखालचा मजकूर फारसा कोणी वाचत नाही, आणि अर्धवेळ माणसाचा हक्क नेमका तिथे असतो. त्यात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. रोजचा दर काढायचा तर महिन्याच्या दराला २६ ने भागायचे. अर्धवेळ कर्मचाऱ्याचा तासाचा दर काढायचा तर त्या रोजच्या दराला ८ ने भागून त्यावर १५ टक्के वाढ द्यायची आणि येणारी रक्कम वरच्या पैशापर्यंत पूर्ण करायची.

समजा तुमच्या वर्गाचा मूळ दर महिना १३,००० रुपये आणि विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भाग, २,६०० रुपये आहे. १३,००० भागिले २६ म्हणजे रोजचे ५००. त्याला ८ ने भागले की तासाचे ६२.५० रुपये. त्यावर १५ टक्के धरले की ७१.८७५ होतात, म्हणजे ७१.८८ रुपये. विशेष भत्त्याचे रोजचे १०० रुपये होतात, तासाचे १२.५०. एकूण तासाला ८४.३८ रुपये. रोज चार तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ तास. त्याचे ८,७७५.५२ रुपये झाले. तुमच्या लेखा विभागाने १५,६०० चे निम्मे, म्हणजे ७,८०० लावले असणार. दर महिन्याला ९७५ रुपयांच्या वर रक्कम सुटली.

१५ टक्के इथे आम्ही फक्त मूळ दरावर धरले आहेत. ते भत्त्यावरही द्यायचे का, हे तुमच्या अधिसूचनेत भत्त्याच्या परिच्छेदात काय शब्द आहेत त्यावर ठरते. तो परिच्छेद आणि स्पष्टीकरण या दोन्हींची झेरॉक्स अर्जाला जोडा. तोंडी सांगून हा फरक कोणी लावत नाही.

आणखी एक चूक नेहमी होते, ती २६ ऐवजी ३० ने भागण्याची. महिन्याच्या दरात साप्ताहिक सुट्टीचे पैसे धरलेले असतात, म्हणून कामाच्या दिवसाचा दर २६ ने भागून येतो. ३० ने भागायचे आणि हजेरी मात्र २६ दिवसांची धरायची, म्हणजे सुट्टीचे पैसे गायब. १३,००० च्या मूळ दरावर पूर्णवेळ माणसाचे असे महिन्याला सुमारे १,७३३ रुपये जातात. अर्धवेळ माणसाचे त्याच प्रमाणात जातात.

प्रश्न : मी नगरपालिकेच्या आस्थापना विभागात लिपिक आहे. आमच्याकडे ६० अर्धवेळ कर्मचारी आहेत. मूळ दर सुधारले आणि विशेष भत्ता तर वर्षातून दोनदा बदलतो. नवा मूळ दर आणि त्यावर जुना भत्ता असे देयक केले, तर लेखापरीक्षणात आक्षेप आला. काम कुठल्या क्रमाने करावे?

उत्तर : आक्षेप बरोबर आहे. मूळ दर सुधारताना तोवरची महागाई नव्या मूळ दरात मिसळलेली असते आणि भत्ता मोजायचा ग्राहक किंमत निर्देशांकही नव्याने ठरतो. म्हणून अधिसूचना लागू झाली की जुना भत्ता थांबतो. नव्या निर्देशांकाच्या वर जेवढे अंक चढतील, तेवढ्यांचा भत्ता पुढच्या सहामाहीपासून सुरू होतो. नवा दर आणि जुना भत्ता एकत्र लावला की जादा रक्कम जाते आणि पुढे ती गरीब माणसाच्या पगारातून कापायची वेळ येते. उलट चूकही होते, ती म्हणजे मूळ दर बदलायचाच राहतो आणि फक्त भत्ता वाढत जातो.

भत्त्याचे वेळापत्रक असे असते. जानेवारी ते जून या सहा महिन्यांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची सरासरी काढतात आणि त्यावरचा भत्ता जुलै ते डिसेंबर या काळाला लागतो. जुलै ते डिसेंबरच्या सरासरीवरचा भत्ता पुढच्या जानेवारी ते जूनला लागतो. आकडा जाहीर होतो तो जुलै आणि जानेवारीच्या अखेरीला, किंवा त्यानंतर. तोवर त्या महिन्याचे देयक लेखा विभागात गेलेले असते. म्हणजे वर्षातून दोनदा फरकाचे देयक करावे लागणार हे आधीच ठरलेले आहे. त्याची नोंद दिनदर्शिकेत करून ठेवा. दर वेळी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी अशा चक्रात पडू नका. पहिल्याच प्रस्तावात ‘यापुढे वेळोवेळी जाहीर होणारा विशेष भत्ता लागू तारखेपासून अदा करण्यास मान्यता’ हे वाक्य घालून घ्या. हे एक वाक्य नसल्यामुळे फरकाच्या फायली महिनोन्महिने टेबलावर पडून राहतात.

क्रम असा ठेवा. आधी प्रत्येकाचे काम अधिसूचनेच्या कुशल, अर्धकुशल की अकुशल गटात बसते ते ठरवा. पदनामावर जाऊ नका, माणूस प्रत्यक्ष काय करतो ते पाहा. मग परिमंडळ पाहा. मग तासाचा दर काढून त्या कागदावर लिपिक आणि लेखापाल दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतरच संगणकात दर बदला. पुष्कळ ठिकाणी वेतन प्रणालीत महिन्याचा दर बदलला जातो आणि तासाचा दर वेगळ्या पानावर जुनाच राहतो. पहिल्या देयकातल्या तीन-चार जणांचा हिशेब हाताने करून पडताळा.

अंदाजपत्रकासाठी नुसता वाढीचा आकडा पुरत नाही. समजा मूळ दर १६,९०० झाला आणि भत्ता तूर्त शून्य. १६,९०० भागिले २६ म्हणजे ६५०, तासाचे ८१.२५, पंधरा टक्के धरून ९३.४४ रुपये. वर काढलेला जुना दर ८४.३८ होता. तासाला ९.०६ रुपये वाढले, चार तासांच्या माणसाचे महिन्याला ९४२.२४. साठ जणांचे ५६,५३४.४० रुपये. त्यावर पालिकेचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, विमा आणि प्रशासन शुल्काचा मिळून १ टक्का, आणि कामगार राज्य विमा लागू असेल तर ३.२५ टक्के. म्हणजे महिन्याला सुमारे ६५,७२१ आणि वर्षाला जवळपास ७ लाख ८९ हजार. जानेवारीत वाढणारा भत्ता चालू आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत बसतो. ती तरतूद सुधारित अंदाजपत्रकात करून घ्या, नाहीतर मार्चमध्ये लेखाशीर्षात पैसे नाहीत म्हणून फेब्रुवारीचा पगार अडतो. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो, हे किमान वेतन न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

नोकरी सोडून गेलेल्यांना विसरू नका. लागू तारखेनंतर ज्यांनी एक दिवस जरी काम केले असेल, त्यांना त्या दिवसाचा फरक द्यायचा असतो. कर्मचारी वारला असेल तर रक्कम त्याच्या नामनिर्देशित व्यक्तीला जाते.

प्रश्न : महापालिकेच्या तरणतलावावर मी बारा वर्षे अर्धवेळ जीवरक्षक आहे. दर वर्षी थोडे थोडे वाढून माझा तासाचा दर ९५ रुपये झाला होता. आता किमान वेतन वाढले आणि काल लागलेल्या मुलाला ९३.४४ मिळतात. मला म्हणतात, तुम्ही किमान दराच्या वर आहात, तुम्हाला वाढ नाही. कायद्यात यावर काही आहे का?

उत्तर : किमान वेतनाचा कायदा खालची मर्यादा घालून देतो. तिच्या वर असलेल्याला वाढ द्याच, असे तो म्हणत नाही. त्यामुळे फक्त किमान वेतनाच्या मुद्द्यावर तुमची मागणी टिकणार नाही. पण तुमच्या नेमणूक आदेशात, महापालिकेच्या ठरावात किंवा युनियनशी झालेल्या करारात ‘किमान दरापेक्षा इतके जास्त’ किंवा ‘दर वर्षी इतकी वाढ’ असे काही लिहिलेले असेल, तर तो तुमचा वेगळा हक्क आहे. ते कागद आधी शोधा.

जे कायद्यात नाही ते प्रशासनाने करूच नये, असे मात्र नाही. आमच्या मते ते करायलाच हवे. बारा वर्षे पाण्यावर नजर ठेवणारा माणूस आणि काल लागलेला मुलगा यांच्यात आधी तासाला १०.६२ रुपयांचे अंतर होते. आता १.५६ रुपये उरले. तुमच्यासारखा माणूस दुसरीकडे गेला तर नव्या मुलाला कामाची ओळख कोण करून देणार? अंतर टिकवण्याच्या तीन पद्धती आहेत. तिन्हींचा हिशेब करून प्रस्तावासोबत द्या, म्हणजे प्रशासनाला नुसते ‘नाही’ म्हणता येणार नाही.

पहिली, सगळ्यांना सारखी रक्कम. किमान दर ९.०६ ने वाढला, तेवढेच सगळ्यांना. तुमचे ९५ चे १०४.०६ होतात आणि अंतर पूर्वीइतकेच राहते. दुसरी, सगळ्यांना सारखे टक्के. किमान दर १०.७४ टक्क्यांनी वाढला, त्या हिशेबाने तुमचे १०५.२० होतात. यात वरच्या दरावरच्या माणसाला जास्त रक्कम मिळते आणि खर्चही जास्त येतो. तिसरी उतरती. खालच्याला पूर्ण वाढ आणि वर जाल तसतशी कमी, एका ठरावीक दरापाशी शून्य. समजा तो दर १२० ठरवला. तुमचा दर १२० च्या किती खाली आहे ते पाहा, २५ रुपये. जुना किमान दर १२० च्या किती खाली होता, ३५.६२. या दोहोंच्या प्रमाणात ९.०६ मधून तुम्हाला ६.३६ मिळतात आणि दर १०१.३६ होतो. अंतर ७.९२ राहते, म्हणजे पूर्वीच्या सुमारे तीन-चतुर्थांश. ज्याचा दर ११० होता त्याला २.५४ मिळतात. कोणीही आपल्यापेक्षा कनिष्ठाच्या खाली जात नाही, हा या पद्धतीचा गुण.

अर्धवेळ कर्मचाऱ्यांत दरांचे टप्पे थोडे असतात, म्हणून आम्ही पहिली पद्धत सुचवू. ती समजायला सोपी आहे आणि तिची मंजुरी लवकर मिळते. पैसे खरोखरच कमी असतील तर तिसरी. ‘वरच्यांना काहीच नाही’ हा चौथा मार्ग सध्या तुमच्याकडे चालू आहे. त्यात दोन-तीन दरवाढींनंतर सगळे एकाच दरावर येतात आणि ज्येष्ठतेला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : दरवाढ झाली त्याच महिन्यात आमच्या दवाखान्यातल्या अर्धवेळ सफाई कामगारांचे तास चारचे तीन केले. काम तेवढेच आहे. साडेसातला येतो आणि साडेअकराच्या आधी निघता येत नाही. पगार पूर्वीइतकाच झाला.

उत्तर : तास कमी करायचे तर ते कागदावर आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे कमी व्हावे लागतात. तुम्ही चार तास थांबता, मग पैसे चार तासांचेच द्यावे लागतील. शिवाय कामाचे तास हा सेवाशर्तींचा भाग आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ४० नुसार असा बदल करण्याआधी कामगारांना नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल करता येत नाही. दरवाढ आणि तासांची कपात एकाच महिन्यात आली, याचा अर्थ नोटीस बहुधा दिलेलीच नाही.

तुमची अडचण पुराव्याची आहे. अर्धवेळ कामगाराच्या हजेरीपत्रकावर बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ माणसासारखाच रकान्यात नुसता ‘ह’ लिहिलेला असतो. त्यावरून माणूस आला एवढेच कळते. किती तास होता ते कळत नाही. तासावर पगार मिळणाऱ्या माणसाच्या हजेरीला येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही असे तीन रकाने हवेत. ते करून द्या, असा लेखी अर्ज आजच द्या आणि त्याची पोच घ्या. तोवर आपल्या वहीत रोज दोन्ही वेळा लिहा आणि शक्य असेल तर त्याच पाळीतल्या सहकाऱ्याची सही घ्या. दवाखान्याच्या किल्ल्यांची नोंदवही, कचरा उचलणाऱ्या गाडीची नोंद, यांतही वेळ सापडते.

याला जोडून एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी. ज्यांच्या नेमणूक आदेशात ‘अर्धवेळ’ हा शब्द किंवा तास लिहिलेलेच नाहीत, म्हणजे जे रोजंदारीवर आहेत, त्यांना एखाद्या दिवशी काम नाही म्हणून चार तासांत घरी पाठवले तरी पूर्ण दिवसाचे वेतन द्यावे लागते. जुन्या किमान वेतन अधिनियम, १९४८ मध्ये हे कलम १५ होते, आता वेतन संहिता, २०१९ मध्ये कलम १० आहे. कामगारानेच काम करायला नकार दिला असेल, तर हा हक्क राहत नाही. रोजंदारीच्या माणसाला देयकात परस्पर अर्धवेळ करून टाकले असेल, तर आदेश बघायला मागा.

प्रश्न : सकाळी उद्यानात तीन तास आणि संध्याकाळी अभ्यासिकेत तीन तास, दोन्ही कामे एकाच महापालिकेची. दोन्हींचा दर अकुशल गटाचा लावतात.

उत्तर : दोन कामांचे किमान दर वेगळे असतील तर प्रत्येक कामाच्या तासांना त्या-त्या कामाचा दर लावायचा, असे वेतन संहितेचे कलम ११ सांगते. अभ्यासिकेतले काम अर्धकुशल गटात बसत असेल, तर संध्याकाळचे तीन तास त्या दराने द्यायला हवेत. दोन विभागांची दोन हजेरीपत्रके असली तरी मालक एकच आहे. म्हणून एखाद्या दिवशी दोन्हीकडचे मिळून तास सर्वसाधारण कामाच्या दिवसापेक्षा जास्त झाले, तर वरच्या तासांना दुप्पट दराने जादा कामाचे वेतन मागता येते. त्यासाठी दोन्ही विभागांना एकमेकांची हजेरी कळवावी लागते. ते आपण होऊन कोणी करत नाही. अर्ज दोन्हीकडे द्या.

प्रश्न : दर वाढला, पण हातात वाढ फार कमी आली. मी रोज साडेचार तास काम करतो. कपात कशी तपासू?

उत्तर : वरचेच दर घेऊ, तासाला जुना ८४.३८ आणि नवा ९३.४४. साडेचार तासांप्रमाणे महिन्याचे ११७ तास. जुन्या दराने ९,८७२.४६ रुपये, नव्या दराने १०,९३२.४८. वाढ १,०६० रुपये. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आधी १,१८५ कापले जात, आता १,३१२. कामगार राज्य विम्याचे ०.७५ टक्के ७५ वरून ८२ वर गेले. व्यवसाय कर पुरुष कर्मचाऱ्याला ७,५०१ ते १०,००० या पगारावर १७५ आणि त्याच्या वर २०० रुपये असतो. तुम्ही १०,००० ओलांडले, म्हणून २५ रुपये वाढले. कपात एकूण १५९ ने वाढली आणि हातात साधारण ९०१ रुपये जास्त यायला हवेत. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, त्या महिन्यात दचकू नका. स्त्री कर्मचाऱ्यांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. १ एप्रिल २०२३ पासूनची ही सवलत काही देयकांत अजून लावलेली नसते, ती तपासा.

हातात यापेक्षा बरेच कमी येत असतील, तर दोन शक्यता असतात. एक, निधीचा मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापला जातो आहे. हे पूर्ण बेकायदा आहे. कर्मचाऱ्याच्या निधी खात्याचे पासबुक ऑनलाइन पाहता येते. त्यात दोन्ही हिस्से वेगळे दिसतात, ते वेतन चिठ्ठीशी ताडून पाहा. दुसरी, प्रवास भत्ता किंवा घरभाडे भत्ता धरून किमान वेतन पूर्ण झाल्याचे दाखवतात. वेतन संहितेत वेतनाची जी व्याख्या आहे, तिच्यात हे भत्ते धरत नाहीत. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तरच निम्म्यावरचा भाग वेतनात मोजला जातो.

प्रश्न : आम्ही महापालिकेच्या कार्यालयात ठेकेदारामार्फत अर्धवेळ काम करतो. ठेकेदार म्हणतो, निविदेत दर ठरलेला आहे, महापालिका वाढवून देईल तेव्हा देईन.

उत्तर : निविदेतला दर हा ठेकेदार आणि महापालिका यांच्यातला व्यवहार आहे. तुमचे किमान वेतन त्यावर अवलंबून नाही. अधिसूचना लागू झाल्याच्या तारखेपासून नवा दर द्यायचाच असतो. ठेकेदाराने दिला नाही तर वेतन देण्याची जबाबदारी शेवटी ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याच्यावर, म्हणजे महापालिकेवर येते. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा. नुसत्या ठेकेदाराविरुद्ध अर्ज केला आणि ठेक्याची मुदत संपली, तर तो सापडत नाही.

निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीही एक सूचना. किमान वेतनाचा भाग आणि ठेकेदाराचा सेवा खर्च हे निविदेत वेगळे मागवा आणि ‘किमान वेतनात व विशेष भत्त्यात होणारी वाढ प्रत्यक्षाप्रमाणे अदा केली जाईल’ ही अट घाला. अर्धवेळ कामगारांसाठी तासाचा दर १५ टक्के धरून काढा. निविदेतच पूर्णवेळ दराचे निम्मे लिहिले, तर कमी वेतनाची सुरुवात महापालिकेच्याच कागदावरून होते. देयक मंजूर करताना बँकेत जमा झालेल्या पगाराची यादी आणि निधीचे चलन नावांसह जुळवा. चलनातली एकूण रक्कम जुळली तरी नावे वेगळीच निघतात, असे होते.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. आम्हाला ‘मानधन’ मिळते, म्हणून किमान वेतन लागू नाही असे सांगतात.

उत्तर : पैशाला काय नाव दिले, त्यावर हक्क ठरत नाही. ठरावीक वेळ, हजेरी, वरिष्ठांची देखरेख, रजेसाठी परवानगी, हे सगळे असेल तर ती नोकरी आहे असे म्हणायला भक्कम आधार असतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, त्यांना मिळणारे मानधन त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे म्हटले. तो निकाल किमान वेतनाबद्दलचा नाही, पण ‘मानधन’ या शब्दामागे लपता येत नाही, हे त्यातून दिसते. तुमचा नेमणूक आदेश, हजेरीची पाने आणि पर्यवेक्षिकेच्या सूचनांची पत्रे जपून ठेवा. एकटीने अर्ज करण्यापेक्षा सगळ्या बालवाड्यांतल्या शिक्षिकांनी मिळून करा.

प्रश्न : आमचे गाव महापालिकेत गेले. मी ग्रामपंचायतीत अर्धवेळ पाणीपुरवठा कर्मचारी होतो. दर अजून ग्रामपंचायतीचाच मिळतो.

उत्तर : ग्रामपंचायतींसाठी वेगळी अधिसूचना आहे. समावेशाच्या तारखेपासून तुमचा मालक महापालिका झाली, त्यामुळे त्या तारखेपासून महापालिकेला लागू असलेली अधिसूचना आणि तिथले परिमंडळ लागू व्हायला हवे. ग्रामपंचायतीच्या ठरावातली कर्मचाऱ्यांची यादी आणि समावेशाच्या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडा. यादीत नाव नसेल तर आधी ते लावून घ्यावे लागेल, दराचा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न : अर्ज करूनही फरक मिळाला नाही, तर कुठे जायचे? किती दिवसांत?

उत्तर : आधी आस्थापना विभागाला लेखी अर्ज द्या, त्याची प्रत मुख्य लेखा अधिकाऱ्याला द्या आणि दोन्हींची आवक क्रमांकासह पोच घ्या. महिनाभरात काही झाले नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जा. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना संहितेच्या विरोधात नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे ‘कायदा बदलला, जुने दर संपले’ असे कोणी सांगितले तर मानू नका. संहितेच्या कलम ४५ खाली दावा कर्मचारी स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा कामगार विभागाचा निरीक्षक करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. फरकाखेरीज त्याच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. जुन्या कायद्यात मुदत सहाच महिन्यांची होती, म्हणून आधीच्या महिन्यांचा फरक मागताना उशिराचे कारण अर्जातच लिहा. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, तरीही आपला हिशेब आपण मांडावा.

दाव्यासोबत एकच तक्ता जोडा. महिना, कामाचे तास, मिळालेली रक्कम, मिळायला हवी होती ती रक्कम, फरक, असे पाच रकाने. प्रत्येक सहामाहीचा दर त्या सहामाहीच्या पहिल्या ओळीवर लिहा आणि दर कसा काढला ते एका ओळीत खाली द्या. बँकेच्या पासबुकाची पाने त्याच क्रमाने लावा. ज्या महिन्याची वेतन चिठ्ठी दिलेली नाही, त्या महिन्यासमोर ‘चिठ्ठी दिली नाही’ असे लिहा, ती जागा रिकामी सोडू नका.